कोथिंबिरीचेसुद्धा पैसे? काय दिवस आलेत!

घोटाळा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे हजार-दोन हजार कोटी येतात ना? सोडा ते. खरा घोटाळा 2024 च्या मे महिन्यात मुंबईत फुटला. एका गृहस्थांनी दहा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या ब्लिंकिट या अ‍ॅपवरून भाजी मागवली आणि बिलात कोथिंबिरीची स्वतंत्र ओळ! पुढे चक्क पैसे! हे कळल्यावर मातोश्रींना बारीकसा हार्ट अटॅकच आला, असं चिरंजीवांनी एक्सवर जाहीर करून टाकलं. (अटॅक बोलण्यापुरता, संताप अस्सल.) मातोश्रींचं म्हणणं एवढंच, की अमुक रुपयांची भाजी घेतली की कोथिंबीर फुकट मिळाली पाहिजे. झालं, देशभर बोभाटा! कंपनीचे प्रमुख अलबिंदर धिंडसा स्वतः मैदानात उतरले, अ‍ॅपवर लगोलग फुकट कोथिंबीर सुरू केली आणि वर सगळ्यांना सांगितलं, मातोश्रींचे आभार माना.

आता मला सांगा, एवढं मोठं भांडवल, एवढे इंजिनिअर, भिंतभर आलेख, आणि मंडईतल्या मावशींना जे उपजत कळतं ते या मंडळींना एका मुंबईकर आईने शिकवायचं? मावशी वजन झाल्यावर चार काड्या कोथिंबीर आणि दोन मिरच्या पिशवीत टाकतात, तो काय दानधर्म असतो? उद्या तुम्ही पलीकडच्या टोपलीकडे वळू नये, याची ती तरतूद असते. व्यवस्थापनाच्या कॉलेजात लाखो रुपये मोजून शिकवतात ती विद्या, मावशी मांडी घालून वापरतात.

पण लोकांनाही काही म्हणायची सोय राहिलेली नाही. सुरुवातीला दहा मिनिटांत मागवायला निदान कारण तरी असायचं. दूध नासलं, अवचित पाहुणे आले, फोडणीला टाकायला मोहरी नाही. आता? 2024 च्या सप्टेंबरात आयफोन 16 बाजारात आला, तर काही शहरांत तोसुद्धा दहा मिनिटांत घरी. त्याच वर्षी धनत्रयोदशीला सोन्या-चांदीची नाणीही तशीच. अहो, सोनं! आपल्याकडे सोनं घ्यायचं म्हणजे आठ दिवस आधी भाव बघायचा, नंतर सराफाच्या गादीवर ऐसपैस बसायचं, कोल्ड्रिंक नको-नको म्हणत घ्यायचं, घडणावळीवरून रुसायचं. आणि इथे जिरं, फिनेल आणि लक्ष्मीचं नाणं एकाच कागदी पिशवीत! पासपोर्टचे फोटो छापून आणून देतात. 2025 च्या जानेवारीत गुरुग्राममध्ये तर ब्लिंकिटने दहा मिनिटांत रुग्णवाहिका द्यायला सुरुवात केली. पुढच्याच महिन्यात कुंभमेळ्यात, प्रयागराजला, तात्पुरतं दुकान थाटलं. पुण्य तेवढं अजून यादीत दिसत नाही. तेही 'लवकरच' असेल.

कहर झाला तो 2024 च्या 31 डिसेंबरला. आज सकाळपासून हिरव्या द्राक्षांना अचानक एवढी मागणी का, असं धिंडसांनाच जाहीरपणे विचारायची वेळ आली. चौकशीअंती निघालं काय, तर स्पेनमध्ये म्हणे वर्ष सरताना घड्याळाच्या ठोक्यागणिक एक अशी 12 द्राक्षं खातात. त्यावर रीलवाल्यांनी भर घातली, की ती टेबलाखाली बसून खाल्ली तर येत्या वर्षी जोडीदार मिळतो! घ्या! नाशिकचा बागायतदार अवकाळी, भुरी आणि निर्यातीचे नियम यांच्याशी झुंजत वर्षानुवर्षं द्राक्षाला गिऱ्हाईक शोधतोय. त्याला बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नाही, की फार काही करायचं नसतं, गिऱ्हाईक टेबलाखाली बसवायचं!

आमच्या सोसायटीचं विचाराल तर गेटवरचं रजिस्टर हे सध्याचं सर्वांत खपाचं वाचन आहे. तारीख, वेळ, फ्लॅट नंबर, कुठून आलात, सही. पूर्वी त्यात प्लंबर आणि केबलवाला असे. आता ओळीने ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट, पुन्हा झेप्टो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू फिरून आल्या की चष्मा लावून ते वाचतात.

"काय गं, काल तुमच्याकडे तीन खेपा?"

"अहो काकू, दही विसरले होते. मग लिंबं."

"आणि रात्री साडेअकराला?"

"ते... यांना आइस्क्रीम हवं होतं."

"अगं बाई! परवाच तर शुगर वाढली म्हणत होते ना?"

काकूंच्या स्वतःच्या घरीही पिशव्या येतात. पण त्या नातवाच्या फोनवरून, म्हणून मोजायच्या नाहीत.

बरं, हे खूळ लहानसहान असतं तर चार दिवस हसून सोडून दिलं असतं. पण आकडे ऐका. ब्लिंकिट म्हणजे पूर्वाश्रमीची ग्रोफर्स, 2013 ची. 2021 च्या डिसेंबरात तिने नाव बदललं, 2022 मध्ये झोमॅटोने तिला साधारण 4,447 कोटींना पदरात घेतलं, तेव्हा शेअर बाजारातले भलेभले झोमॅटोला नावं ठेवत होते. 2024 च्या मार्चअखेरीस तिची 526 दुकानं होती. वर्षभरात 1,301! आणि 2025 च्या एप्रिल ते जून या तिमाहीत तिच्या ऑर्डरींची निव्वळ रक्कम झोमॅटोच्या मूळ, म्हणजे हॉटेलचं जेवण पोचवण्याच्या धंद्याच्या पुढे गेली. बिर्याणीला मीठ-मिरचीने मागे टाकलं हो! झेप्टोची कथा तर याहून वरची. विशीही न गाठलेली दोन पोरं, आदित पालिचा आणि कैवल्य व्होरा, स्टॅनफर्डचं शिक्षण सोडून मुंबईत किराणा विकायला बसली. आपल्या घरात मुलगा म्हणाला असता, 'बाबा, कॉलेज सोडून किराणा मालाचं बघतो,' तर काय झालं असतं ते तुम्हीच आठवा. आणि ऐका, सुरुवातीला त्यांचा सगळा कारभार शेजारपाजारच्या किराणा दुकानांतून माल उचलून पोचवण्याचाच होता. तिथून जमेना, तेव्हा गिऱ्हाइकाला आत पाऊलही टाकता येणार नाही अशी स्वतःची दुकानं काढली.

त्या दुकानात काय चालतं, ते बघण्यासारखं आहे. वस्तीतलाच एखादा गाळा, बाहेर मोटारसायकलींची गर्दी, आत छतापर्यंत फडताळं. हातातल्या यंत्रावर ऑर्डर आली की पोरगा धावतो. कुठल्या फळीवर, कितव्या खणात, हे यंत्रच सांगतं. बाराशे रुपयांचं सामान मिनिट-दोन मिनिटांत पिशवीत, पिशवी खिडकीत, खिडकीतून रायडरच्या पाठीवर. दहा मिनिटांची करामत गाडीच्या वेगात कमी, आणि दुकान तुमच्या उशाशी आणून ठेवण्यात जास्त. निदान कंपन्या तसं सांगतात. सिग्नलला उभं राहून बघणाऱ्याला वेगळंही दिसतं.

आता 'कोपऱ्यावरचा किराणावाला संपला' म्हणून जे गळे काढले जातायत, त्यांच्यासाठी थोडा इतिहास. हे तेरावं बहुधा चौथ्या-पाचव्यांदा होतंय. 1999 मध्ये मुंबईत हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स नावाचा मॉल निघाला. गर्दी एवढी लोटली, की मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर तिकीट काढा, तरच आत, असा नियम करावा लागला. दुकानात शिरायला तिकीट! तेव्हाही लोक तोंडावर हात ठेवून 'काय हे' म्हणाले, आणि मग कार्ड कुठे मिळतं ते विचारत फिरले. 2006 च्या 26 जानेवारीला बिग बझारने 'सबसे सस्ता दिन' काढला, तर लोकांनी अशी झुंबड उडवली की काही ठिकाणी दरवाजे बंद करून पोलीस बोलवावे लागले. प्रजासत्ताकदिनी प्रजेची सत्ता याहून स्पष्ट कुठे दिसली असेल? 2007 मध्ये रिलायन्स फ्रेशवरून ठिकठिकाणी मोर्चे निघाले, उत्तर प्रदेशात सरकारने ती दुकानं बंद करायला लावली. 2012 मध्ये किरकोळ व्यापारात 51 टक्के परकीय गुंतवणुकीला परवानगी दिल्यावर तृणमूल काँग्रेस केंद्रातल्या सरकारमधून बाहेरच पडली.

आणि पुढे? ज्यांनी किराणावाल्याला गिळायचं होतं त्यातली सुभिक्षा ही दुकानांची साखळी 2009 मध्ये आपल्याच कर्जाखाली गाडली गेली. बिग बझारच्या पाट्या 2022 मध्ये उतरल्या. टिकला तो डीमार्ट. 2002 मध्ये पवईत पहिलं दुकान, ना झगमगाट ना कॅफे, नुसता स्वस्त माल आणि जास्तीत जास्त जागा स्वतःच्या मालकीची. 2017 च्या मार्चमध्ये 299 रुपयांचा शेअर पहिल्याच दिवशी दुपटीच्या वर गेला. रविवारी सहकुटुंब डीमार्टला जाणे हा मध्यमवर्गाचा धर्म झाला. पण 2024 च्या ऑक्टोबरात त्याच डीमार्टने सांगितलं, की मोठ्या शहरांतल्या दुकानांवर ऑनलाइन किराण्याचा परिणाम स्पष्ट दिसतोय, आणि पुढच्या सोमवारी बाजार उघडल्यावर शेअर धाडकन आठ टक्क्यांहून जास्त आपटला. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे! कोपऱ्यावरचे शेठ त्या दिवशी मारी बिस्किटाचा पुडा देताना जरा जास्तच प्रसन्न दिसले म्हणतात.

वाढीच्या आकड्यांची तर आणखी मजा. सरकारच्या हिशेबात घाऊक आणि किरकोळ व्यापाराची चूल वेगळी नाही; हॉटेलं, वाहतूक, दळणवळण या सगळ्यांबरोबर एकत्र कुटुंबात नांदते. 2020 च्या एप्रिल-जूनमध्ये, सगळं बंद असताना, हे कुटुंब 47 टक्क्यांनी घसरल्याचं जाहीर झालं. पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत 34.3 टक्क्यांची वाढ. काय तो जल्लोष! आता शाळेतली पाटी काढा. 100 चे 47 गेले, उरले 53. त्यावर 34 टक्के म्हणजे आणखी 18. झाले 71. म्हणजे वाढ डोळे दिपवणारी, आणि खिशात आधीच्या रुपयातले एकोणतीस पैसे अजून कमीच. तेव्हा यापुढे कुणी वाढीचा टक्का सांगून तुम्हाला चकित करू लागला, तर एवढंच विचारायचं: कशावरून मोजलीत? अ‍ॅपवाल्यांची दरवर्षीची झेप तशीच आहे. लहान आकड्याची दुप्पट लवकर होते. आजही देशातलं बहुतांश वाणसामान सव्वा कोटीच्या आसपास असल्याचं सांगितलं जाणाऱ्या त्या जुन्या दुकानांतूनच घरी जातं. अ‍ॅपचा गाजावाजा आहे तो मोठ्या शहरांतला.

मग काहीच बिघडलं नाही का? बिघडलंय, पण ते दुकानाच्या पुढच्या दारात बघून कळत नाही, मागच्या दाराने बघावं लागतं. मागच्या दाराने येतो तो वितरकाचा माणूस. ठरलेल्या वारी येणार, साबण-टूथपेस्ट-चहाची ऑर्डर लिहून घेणार, जुनी थकबाकी मागणार, शेठ 'पुढच्या वारी' म्हणणार. कंपनी, वितरक, दुकानदार अशी ही साखळी. वितरकाचा जीव ढोबळमानाने चार-पाच टक्क्यांत अडकलेला. आता बड्या दुकानांना आणि अ‍ॅपना कंपन्या थेट माल देतात, आणि तोही वितरकाला स्वप्नात दिसणार नाही अशा भावाने. परिणाम असा विनोदी, की काही वस्तू दुकानदाराला वितरकाकडून महाग आणि डीमार्टच्या सवलतीत स्वस्त! त्यामुळे शेठच टोपी डोळ्यांवर ओढून तिथल्या रांगेत तेलाचे डबे घेऊन उभे, अशी दृश्यं लोकांनी पाहिलीत. घाऊक कोण आणि किरकोळ कोण, ओळखून दाखवा.

वितरकांनी हे काही मुकाट सोसलेलं नाही. 2022 च्या जानेवारीत महाराष्ट्रातल्या वितरकांनी याच भावाच्या भेदभावावरून कोलगेटच्या एका टूथपेस्टचं वितरण थांबवलं होतं. दात घासण्यावरून असहकार! 2024 मध्ये त्यांच्या अखिल भारतीय संघटनेने अ‍ॅपच्या अति स्वस्त विक्रीची तक्रार स्पर्धा आयोगाकडे नेली, आणि वर्षभरात देशातली दोन लाख किराणा दुकानं बंद पडल्याचा दावा केला. दावा त्यांचा आहे, आणि दावा करणाऱ्याचं दुखणं त्यात असणारच. पण आपल्या गल्लीत कुठलं शटर कायमचं उतरलं, हे मोजायला आयोग लागत नाही.

आणि स्वस्ताईचं म्हणाल तर जरा बिलाच्या तळाशी बोट न्या. हँडलिंग चार्ज. ऑर्डर लहान असल्याचा दंड. गर्दीच्या वेळेचा अधिभार. पावसाचे पैसे! पाऊस पडला म्हणून! आमच्या शेठच्या पोऱ्याने जुलैत गोणपाट डोक्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर गहू चढवले, शेठना हे कधी सुचलं का? गिऱ्हाइकाला असं गुपचूप गुंडाळू नये म्हणून केंद्राला 2023 च्या नोव्हेंबरात नियमावली काढावी लागली. भाव लपवायची कला तशी जुनीच. वाशीच्या बाजारात हापूसचा सौदा रुमालाखाली बोटं दाबून होत आलाय. बाजूला उभ्या असलेल्याला कळू नये एवढाच हेतू. पण त्या रुमालाखाली निदान हात दोघांचे असत.

रायडरांच्या बाबतीत मात्र थट्टा आवरती घ्यावी लागते. 2025 च्या 31 डिसेंबरला, म्हणजे आपण द्राक्षं आणि बर्फ मागवत होतो तेव्हा, त्यांच्या संघटनांनी संप पुकारला होता. पुढच्या महिन्यात केंद्रीय कामगारमंत्र्यांनी कंपन्यांना दहा मिनिटांचा डंका बंद करायला सांगितलं आणि ब्लिंकिटने जाहिरातीतून तो शब्द काढला. आता पाटीवर दहा मिनिटं नाहीत. पण बाराव्या मिनिटाला आपणच 'कुठे पोचलात हो?' म्हणून फोन करतो, त्यावर मंत्री काय करणार?

हे सगळं झालं. पण खरी लाज आणणारी गोष्ट वेगळीच आहे. वेग नाही, भाव नाही, कोथिंबीर तर नाहीच नाही. कोपऱ्यावरच्या शेठना तुमचं काय ठाऊक नव्हतं? महिनाअखेर कुणाकडे तूप बंद होऊन डालडा सुरू होतो. कुणाच्या घरात कोण चोरून तंबाखू खातं. कुणाच्या सुनेला अचानक चिंच आणि लिंबाच्या गोळ्या हव्याशा वाटू लागल्या, हे तर सासूच्या आधी त्यांना कळायचं. आणि काही वस्तू तर मागायच्याही नसत. नुसतं घुटमळायचं, बाकीची गिऱ्हाइकं गेल्यावर शेठ न बोलता वर्तमानपत्रात गुंडाळून पुढे सरकवणार. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडलं नाही. ते संतपुरुष होते म्हणून नव्हे. शंभर-दोनशे घरांवर दुकान चालायचं. एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी गेली की दोन्ही घरं तुटणार. तोंड बंद ठेवणं हाच धंद्याचा पाया.

अ‍ॅपचं बरोबर उलट. तिथे तोंड उघडण्यातच कमाई आहे. तुम्ही काय, कधी, किती वेळा मागवता यावर जाहिराती विकल्या जातात. ज्या कंपनीने जास्त मोजले तिचा साबण वर दिसतो. आणि वर्षअखेरीला तर दवंडीच! 2024 च्या 31 डिसेंबरला रात्री आठ वाजेपर्यंत ब्लिंकिटवरून सव्वादोन लाखांहून जास्त आलू भुजियाची पाकिटं गेली, हे साऱ्या देशाला कळलं. आणि त्यापाठोपाठ... ते हो... ते, लाखाहून जास्त. वर्तमानपत्रात गुंडाळून मिळायचं ते आता वर्तमानपत्रात छापून येतं!

नाव कुणाचंच येत नाही, हे खरं. शेठना तुमचं नाव-गाव ठाऊक होतं म्हणून ते जपत. कंपनीला तुम्ही आकडा म्हणून हवेत, आणि आकड्याला अब्रू नसते. म्हणून तर आपण तिच्याकडून निर्धास्तपणे काहीही मागवतो. शेठच्या डोळ्याला डोळा देऊन मध्यरात्री तिसरं आइस्क्रीम मागायची हिंमत कुणाची झाली असती? या धंद्याची निम्मी वाढ दहा मिनिटांमुळे असेल. उरलेली निम्मी, समोर कुणी ओळखीचं नसल्यामुळे आहे, असं आपलं माझं मत.

तेव्हा येत्या 31 डिसेंबरला नवी यादी येईलच. चिप्स किती, बर्फ किती, आणि ते किती. आपण सगळे ती वाचणार, 'काय हे लोक!' म्हणून एकमेकांना पाठवणार. हे लोक म्हणजे नेमके कोण, ते मात्र कुणी कुणाला विचारायचं नाही. ठरलं ना?